आमच्या घराचा हिशेब

गेल्या वर्ष-दीड वर्षात शाळेतल्या सहकारी शिक्षिका, मोहल्ल्यातल्या दोघी-तिघी आणि नात्यातले एक नवविवाहित जोडपे, सर्वांनी मला एकच प्रश्न विचारला: बँकेचे कर्ज न काढता घर बांधले म्हणता, ते जमले कसे? प्रत्येकीला तोंडी सांगताना काहीतरी राहून जाते. म्हणून वहीत आहे तसा हिशेब येथे मांडते. आकडे आमचे आहेत, तुमचे वेगळे असतील. पण आकड्यांच्या मागे जे प्रश्न उभे राहिले, ते बहुतेक घरांत सारखेच असतात.

आमचे जुने घर मालवण किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांसारखे होते. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे पडवी आणि खळे. सासरे हयात असेपर्यंत दर वर्षी पावसाच्या आधी कौले परतून घेतली जात. ते गेल्यावर वासे आणि रिपा एकेक करून कुजत गेल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याने अशी वादळे पूर्वीही पाहिली आहेत, २००९ चे फयान आणि २०१९ चे क्यार आम्हाला चांगले आठवते. पण तौक्तेने एका रात्रीत आमच्या मागच्या दोन खोल्यांवरचे छप्पर नेले. दुसऱ्या दिवशी वर पत्रे टाकले, दोऱ्यांनी बांधले आणि ठरले की आता डागडुजी नाही, नवे घर.

माझे पती कुवेतमध्ये एसी दुरुस्तीचे काम करत होते. २०२० मध्ये ते परत आले. आता मालवण आणि तारकर्लीच्या हॉटेलांतले फ्रिज-एसी दुरुस्त करतात. हे काम हंगामी आहे. मे महिन्यात जेवायला वेळ नसतो आणि जुलैत फोन वाजत नाही. मी २००६ मध्ये नोकरीला लागले. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, भविष्य निर्वाह निधीही नाही. जुने सहकारी घर बांधताना आपल्या जीपीएफमधून रक्कम काढत, तो मार्ग आम्हाला बंद होता. एक फायदा मात्र झाला. सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचे पाच हप्ते ठरले, तेव्हा जीपीएफवाल्यांची रक्कम त्यांच्या खात्यात जमा झाली आणि आमच्यासारख्या अंशदान योजनेतल्यांना ती रोख मिळाली. मी त्यातला एक पैसाही घरखर्चात जाऊ दिला नाही.

इंजिनिअरकडे जाण्याआधी मी एक विषय काढला, आणि तो घरात कुणालाच फारसा आवडला नाही. घर बांधायचे ती जागा सासऱ्यांच्या नावे होती. सातबाऱ्यावर त्यांच्यानंतर वारस लागले होते, पण वाटप झालेले नव्हते. सासूबाई, माझे पती, मुंबईला असलेले धाकटे दीर आणि रत्नागिरीला दिलेली नणंद असे चार वारस. आपल्याकडे रीत अशी की बांधकामाच्या आधी बहिणीला बोलावायचे, चहा-नाश्ता करायचा आणि हक्कसोड पत्रावर तिची सही घ्यायची. बहीणही हसत सही करते, कारण माहेर तुटू नये असे तिला वाटते. मी शाळेत मुलांना अपूर्णांक शिकवत नाही, पण वर्गातली कोणतीही मुलगी हे गणित सोडवील. पत्नीचा आठवा भाग, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे सगळ्या मालमत्तेचे चाळीस भाग केले तर सासूबाईंना पाच, दोन्ही मुलांना प्रत्येकी चौदा आणि मुलीला सात. ज्या ग्रंथाने नमाज सांगितली, त्यानेच हे भागही सांगितले आहेत. नमाजेला आपण उशीर करत नाही आणि या भागांना पिढ्यान्‌पिढ्या उशीर करतो.

जागेची आणि जुन्या घराची किंमत गावातल्या दोन जाणत्यांना विचारून सोळा लाख धरली. चाळिसावा भाग चाळीस हजार. नणंदेचे सात भाग म्हणजे दोन लाख ऐंशी हजार. दिरांना पैसे नको होते. मागच्या बाजूची माडांची जमीन त्यांनी आपल्या वाट्याला घेतली. सासूबाई म्हणाल्या, "माझा भाग माझ्याजवळच राहू दे, मी मेल्यावर वाटा." नणंद मात्र रडायला लागली. फोनवर म्हणाली, "भाभी, पैसे घेतले तर ईदेला कोणत्या तोंडाने येऊ? लोक म्हणतील हिस्सा मोजून घेतला."

मी तिला म्हटले, "तू मागितला नाहीस, आम्ही देतोय. आणि घेतल्यावर तुझ्या मुलीच्या कॉलेजसाठी ठेव, आम्हाला परत देऊ नकोस."

तिला पटायला चार महिने लागले. माझ्या पतींनाही लागले, पण ते कारण वेगळे होते. दोन लाख ऐंशी हजारांत आमचा सगळा पाया आणि जोते उभे राहिले असते. एका रात्री ते मला म्हणाले, "बहीण मागत नाही, कायदा विचारत नाही, आणि आपण पाया खोदण्याआधीच खड्ड्यात चाललोय." मी वाद घातला नाही. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी त्यांना काय सांगितले ते मला कळले नाही, पण त्या आठवड्यात ते स्वतः रत्नागिरीला जाऊन आले. बँकेतून पैसे दिले आणि मग वाटपाचा नोंदणीकृत दस्त केला. या दस्ताचा दुनियेतला फायदाही सांगते. कोकणात एकेका सातबाऱ्यावर वीस-तीस नावे असतात. असा सामायिक उतारा असला की उद्या कुणीही काम अडवू शकतो, आणि बँकही कर्ज देत नाही. ज्यांना बँकेत जायचे आहे त्यांनाही शेवटी हेच करावे लागते.

आता घराच्या आकड्याकडे येते. नऊशे चौरस फूट, दोन खोल्या, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर. भिंती चिऱ्याच्या. मागच्या भागावर स्लॅब, पुढच्या ओटी-पडवीवर कौले. फूटभर जागेला अठराशे रुपये असा दर इंजिनिअरने सांगितला, म्हणजे सोळा लाख वीस हजार. बहुतेक लोक हा आकडा घेऊन घरी येतात आणि त्यावरच कर्जाचे गणित करतात. मला शाळेची सवय, म्हणून मी त्यांना विचारले, "सर, यात काय नाही ते सांगा." मग यादी निघाली. नकाशा आणि परवानगीचा खर्च नाही. सेप्टिक टँक नाही. पाण्याची टाकी, विहिरीवरचा पंप आणि पाइप नाही. वीज जोडणी नाही, फक्त आतली वायरिंग आहे. स्वयंपाकाच्या ओट्याचा दगड नाही. खळ्याची जमीन नाही. जुने घर उतरवण्याची मजुरी नाही. हे सगळे मिळून तीन लाख साठ हजार झाले. सोळा लाख वीस हजारांचे एकोणीस लाख ऐंशी हजार इथेच झाले. त्यात नणंदेचा हिस्सा धरला की बावीस लाख साठ हजार.

समुद्राजवळ राहणाऱ्या भगिनींसाठी एक सूचना. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जागा सीआरझेडच्या नियमांत येते, आणि गावाच्या वर्गाप्रमाणे त्यातल्या काही पट्ट्यात नवे बांधकाम करताच येत नाही. आधी नकाशावर आपली जागा कुठे पडते ते पाहा, मग चिरे मागवा. आमची जागा आत आहे, म्हणून आम्ही सुटलो.

हातात काय होते? पतींची कुवेतची शिल्लक साडेसहा लाख. माझी शिल्लक आणि वेतन आयोगाची थकबाकी मिळून दोन लाख नव्वद हजार. एकूण नऊ लाख चाळीस हजार. कमी पडत होते तेरा लाख वीस हजार.

बँकेत आम्ही चौकशी केली होती, ते लपवत नाही. पगारदार शिक्षिकेला गृहकर्ज द्यायला बँक उत्सुक असते. बारा लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षे. महिना हप्ता सुमारे दहा हजार चारशे. ऐकायला सोपे वाटते. पण २४० ने गुणले की जवळजवळ पंचवीस लाख होतात, म्हणजे बारा लाखांवर तेरा लाख सूद. मुदत दहा वर्षांची केली तर हप्ता चौदा हजार नऊशेच्या आसपास जातो आणि सूद पाच लाख पंच्याऐंशी हजारांवर येते. म्हणून जी भगिनी काही कारणाने बँकेचे कर्ज घेणारच आहे, तिने निदान मुदत तरी लांबवू नये. आयकराची सवलत मिळते म्हणून सूद फुकट पडते असेही कुणी समजू नये. राहत्या घराच्या व्याजावरची दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या कर पद्धतीतच मिळते, नव्या पद्धतीत नाही.

सूद हराम आहे, हे सांगायला मी आलिमा नाही आणि वाचकांना ते माहीत आहे. प्रश्न असतो मजबुरीचा. मजबुरी कशाला म्हणायचे, यावर उलेमांतही एकमत नाही. युरोपियन कौन्सिल फॉर फतवा अँड रिसर्च या संस्थेने १९९९ मध्ये पाश्चात्त्य देशांतल्या मुस्लिमांना, दुसरा मार्ग नसेल तर राहत्या एका घरासाठी बँकेचे कर्ज घेता येईल असे मत दिले. अनेक उलेमांनी ते मान्य केले नाही. आम्ही दोन मौलानांना विचारले. एकांनी सरळ नाही म्हटले. दुसऱ्यांनी उलट विचारले, "डोक्यावर छप्पर आहे का? कर्जे हसना देईल असा कुणी नात्यात आहे का? विकता येईल असे काही आहे का?" तिन्ही प्रश्नांना आमचे उत्तर होय होते. मग मजबुरीचा दावा आम्हाला करता येत नव्हता. माझी धाकटी बहीण मुंब्र्याला भाड्याच्या खोल्या बदलत बदलत थकली आणि तिने फ्लॅटसाठी कर्ज घेतले. तिच्या तीन प्रश्नांची उत्तरे वेगळी होती. मी तिला काही बोलत नाही, आणि दुसऱ्या कुणी बोलले तर मला आवडत नाही.

काही वाचक विचारतील, बिनव्याजी बँक का नाही? इंग्लंडमध्ये तशी सोय आहे. तिथे बँक आणि ग्राहक मिळून घर घेतात, बँकेच्या हिश्शाचे भाडे ग्राहक देतो आणि थोडा थोडा करून तो हिस्सा विकत घेत जातो. अशा व्यवहारात घर दोनदा हस्तांतरित होते, म्हणून मुद्रांक शुल्कही दोनदा लागायचे. तिथल्या सरकारने २००३ मध्ये कायदा बदलून ते एकदाच केले. आपल्याकडे १९४९ चा बँकिंग नियमन कायदा बँकेला मालाची खरेदी-विक्री करू देत नाही आणि स्वतःच्या वापराखेरीज स्थावर मालमत्ता बाळगण्यावरही बंधन घालतो. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगचा विचार व्हावा असे सुचवले होते. पण रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये माहितीच्या अधिकाराखालील उत्तरात, हा प्रस्ताव पुढे न्यायचा नाही असे कळवले. तेव्हा सध्या तरी ही वाट नाही. आणि जी वाट 'हलाल नफा' असे नाव लावून दारात येते, तिच्यापासून सावध राहा. बंगळुरूची आयएमए कंपनी २०१९ मध्ये बुडाली, तेव्हा हजारो मुस्लिम घरांची पुंजी त्यात अडकली. घरासाठी साठवलेला पैसा महिन्याला नफा देण्याचा वायदा करणाऱ्याकडे ठेवू नये, त्याच्या दाढीची लांबी कितीही असो.

आमच्याजवळ दोन साधी साधने होती. पहिले म्हणजे भिशी. शाळेतल्या बारा जणींची दहा हजारांची एक, आणि मोहल्ल्यातल्या वीस बायकांची पाच हजारांची दुसरी. बारा जणींची भिशी दोन वर्षांत दोनदा फिरली, मला दोन्ही वेळा एक लाख वीस हजार मिळाले. मोहल्ल्याच्या भिशीतून एक लाख. तीन लाख चाळीस हजार रुपये उभे राहिले आणि कुणाला एक रुपया जास्त द्यावा लागला नाही. आमच्या भिशीत चिठ्ठ्या टाकून नंबर लावतात. पण घराच्या बांधकामाचा हंगाम चिठ्ठी पाहून येत नाही, म्हणून मी आधीच बोलून नोव्हेंबर-डिसेंबरचा नंबर मागून घेतला. ज्यांना नंतर चालणार होते त्यांनी दिला. लिलावाची भिशी मात्र वेगळी असते. तिथे ज्याला घाई असते तो कमी रक्कम घेतो आणि उरलेली बाकीचे वाटून घेतात. तिला भिशी म्हटले तरी तो सूदच आहे, असे मला वाटते.

दुसरे साधन सोने. माझ्या मेहरचे आणि माहेरचे मिळून पाच तोळे मी मोडले, घट जाऊन दोन लाख चाळीस हजार आले. सोनेतारण ठेवा आणि नंतर सोडवा, असा सल्ला सगळ्यांनी दिला. त्यावरही सूद लागतेच. नंतर २०२५ मध्ये सोने तोळ्याला लाखाच्या पुढे गेले आणि मैत्रिणी मला हळहळून सांगू लागल्या. मी म्हणते, चिऱ्याचा दरही वाढलाच की. सोने विकताना मी पतींशी एक गोष्ट बोलून घेतली. बायकोचे मेहर आणि तिचा पगार तिचा स्वतःचा असतो, तिच्यावर तो घरासाठी देण्याची सक्ती नाही. माझे पैसे मी मदत म्हणून देते, कर्ज म्हणून देते की हिस्सा म्हणून, हे आधी ठरले पाहिजे. आम्ही हिस्सा ठरवला. त्यामुळे नव्या घराच्या असेसमेंट उताऱ्यावर दोघांची नावे आहेत. आपल्या अनेक भगिनी दागिने देतात, पगार देतात आणि उताऱ्यावर नाव मात्र एकाचेच लागते. पुढे वारसाची वेळ आली की तिचे पैसे नवऱ्याच्या इस्टेटीत मिसळून जातात आणि तिला आठवा भाग मिळतो. यात कुणाची नियत वाईट असते असे नाही. कागद केलेला नसतो, एवढेच.

उरले साडेचार लाख, ते कर्जे हसना. तीन लाख माझ्या मामेसासऱ्यांनी दिले, दीड लाख माझ्या भावाने. मामूंकडे मी कागद घेऊन गेले तेव्हा ते रागावले. "घरातल्या घरात कागद? माझ्यावर भरवसा नाही?" मी म्हटले, "मामू, तुमच्यावर आहे, आमच्यावर नाही." पवित्र कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, कर्ज लिहून ठेवण्याबद्दल आहे. एवढी लांब आयत ज्या कामासाठी आली ते काम आपण लाजेखातर टाळतो. कागद झाला, दोन साक्षीदार झाले. सहा महिन्यांनी पहिला हप्ता, मग दर महिन्याला ठरलेली रक्कम. एक नवाच प्रश्न निघाला. आम्ही दर वर्षी मामूंना देवगड हापूसची पेटी पाठवत होतो. कर्ज चालू असताना पाठवावी की नाही? कर्ज देणाऱ्याला भेट देणे म्हणजे सूदाचा वास नको. मौलाना हसले आणि म्हणाले, आधीपासूनची रीत असेल तर पाठवा, पण दोन पेट्या करू नका.

राहिलेले दोन लाख नव्वद हजार दोन वर्षांत पगारातून थेट गेले, महिन्याला बारा हजारांच्या हिशेबाने. भिशीचे पंधरा आणि हे बारा, मिळून सत्तावीस हजार माझ्या पगारातून दर महिन्याला घरात गेले. स्वयंपाकघर पतींच्या कमाईवर चालले. जून ते सप्टेंबर तंगी असायची. मुलांच्या सहली, लग्नातले आहेर, नवे कपडे यांना कात्री लागली. मोठा मुलगा एकदा म्हणाला, "आपण घर बांधतोय की रोजे ठेवतोय?"

दुसरी बाजूही इथे लिहिली पाहिजे, नाहीतर हिशेब खोटा होईल. कर्ज न घेण्यालाही किंमत असते. आमच्या बरोबरच एका सहकाऱ्याने बँकेचे कर्ज घेऊन घर सुरू केले आणि ते आठ महिन्यांत राहायला गेले. आमचे काम दोन हंगाम चालले. कोकणात काम दसरा-दिवाळीनंतर सुरू होते आणि मिरगाच्या आत आवरावे लागते. पहिल्या वर्षी मला वाटत होते की उन्हाळ्याच्या सुट्टीत मी स्वतः उभी राहीन आणि काम भराभर होईल. मेस्त्री म्हणाले, "बाई, पावस काय तुमच्या शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे येवचो नाय." त्यांनी भिंती लिंटेलपर्यंत नेऊन काम थांबवले आणि पावसाळ्यासाठी भिंतींवर प्लास्टिक झाकले. त्या पावसाळ्यात आम्ही जुन्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत होतो. ओल भिंतीत चढली होती. सासूबाईंना दमा आहे. जुलैत त्यांना पाच दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. तिथल्या बाकावर बसून पती म्हणाले, "आता तरी बँकेत जाऊ या. अम्मीला अजून एक पावसाळा या घरात काढायला लावणार?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री बँकेचे फॉर्म खरोखरच कपाटातून बाहेर काढले होते. निर्णय सासूबाईंनी केला. त्या रत्नागिरीला लेकीकडे गेल्या आणि ऑक्टोबरला परत आल्या. ज्या लेकीला हिस्सा देऊन माहेर तुटणार होते, तिच्याकडे त्यांनी तीन महिने काढले. पण प्रत्येकीच्या सासूबाईंना अशी लेक असतेच असे नाही, हेही मला दिसते.

दरांचेही दोन्ही बाजूंनी झाले. मार्च-एप्रिल २०२२ मध्ये, युक्रेनच्या युद्धानंतर लोखंडाचे दर भडकले होते. तेव्हा कोटेशन घेतले ते किलोला पंच्याहत्तरच्या वर होते. मे महिन्यात केंद्राने पोलादाच्या निर्यातीवर कर लावला आणि दर उतरले. आम्हाला लोखंड लागले नोव्हेंबरमध्ये, ते अठ्ठावन्नला मिळाले. दोन टनांवर चौतीस हजार वाचले. पण चिऱ्याचा गाडीभाडा वाढला, मजुरी वाढली, आणि ते चौतीस हजार तिकडे गेले. सिमेंटवर तेव्हा २८ टक्के जीएसटी होता. सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे. आता बांधणाऱ्यांनी कोटेशन जुन्या कराचे नाही ना, हे पाहून घ्यावे.

खर्च वाचला तो मुख्यतः जुन्या घरामुळे. नवे घर आम्ही त्याच्या मागे बांधले, त्यामुळे भाडे भरावे लागले नाही. राहायला गेल्यावर जुने घर उतरवले. फणसाचे दोन खांब आणि सागाची दारे रंधा मारून नव्या घरात बसली. चांगली कौले पडवीवर गेली. चिरा जुना असला तरी कोन शाबूत असेल तर वापरता येतो. नव्या घराला साडेतीन हजार चिरे लागले, पडवीचे मात्र सगळे जुने. वाळूत काटकसर करू नका. आमच्याकडे कर्ली आणि कालावल खाडीची वाळू येते. खारी वाळू न धुता स्लॅबमध्ये गेली तर आतले लोखंड गंजते आणि दहा वर्षांत स्लॅबचे पोपडे पडतात. स्लॅब टाकताना मी त्या दिवशी रजा घेतली आणि वाळू धुतलेली आहे की नाही ते पाहायला उभी राहिले. ठेकेदाराला ते आवडले नाही.

एक खर्च कोणत्याही इंजिनिअरच्या यादीत नसतो, तो जकातीचा. घरासाठी साठवलेली रक्कम निसाबाच्या वर असेल आणि तिच्यावर वर्ष फिरले तर तिची अडीच टक्के जकात निघते, मग ती कोणत्याही हेतूने ठेवलेली असो. साडेसहा लाखांवर सव्वासोळा हजार. घरासाठीच तर ठेवलेत, असे म्हणून अनेक जण ही रक्कम विसरतात. बजेट करताना रमजानच्या महिन्यासमोर हा आकडा आधीच लिहून ठेवावा.

मे २०२४ मध्ये आम्ही राहायला गेलो. कुराणखानी केली, शेजारच्या सर्वधर्मीय घरांना जेवायला बोलावले, साठ माणसे झाली. मंडप घातला नाही. आतल्या दोन खोल्यांना तेव्हा रंग नव्हता, न्हाणीघराच्या भिंतीला अर्ध्यापर्यंतच लादी होती. आजही मागच्या खोलीच्या खिडकीला जुन्या घराची फळी लावलेली आहे. भावाचे दीड लाख फिटले. मामूंचे एक लाख दहा हजार बाकी आहेत. ते या वर्षीच्या हप्त्यांत संपतील, इन्शाअल्लाह.

पुढच्या बाजूचा गडगा तौक्तेत माड पडून मोडला, तो अजून तसाच आहे. गवंड्याने त्याचा अंदाज पंचावन्न हजार दिला आहे. जुने चिरे उरले आहेत ते वापरले तर चाळीसच्या आत बसेल असे माझे गणित आहे. शाळेच्या नव्या भिशीत मी नाव घातले आहे आणि डिसेंबरचा नंबर मागितला आहे. गणिताच्या बाईंनाही मुलीच्या लग्नासाठी तोच नंबर हवा आहे. बहुधा त्यांनाच द्यावा लागेल. मग गडगा पुढच्या हंगामात.